सात दिवसांचा होकार

जुन्नर
२७ फेब्रुवारी २०२५

स्नेहल,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही, चुकून राहिलंय असं समजू नकोस.

हे पत्र आहे. मेलनं पाठवतेय, कारण टपालानं नेदरलँड्सला पोचायला तीन आठवडे लागतात आणि तोवर माझा राग निवेल. प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं तर सगळ्या जगाला दिसतं, आणि तिथं इंग्रजीत भांडावं लागतं. इंग्रजीत मी फार सभ्य होते. तुझ्याशी मराठीतच भांडायचंय.

आज सकाळी कणगीच्या चार-शून्य आवृत्तीच्या रिलीजचा आराखडा उघडला. वर तुझं नाव, रिलीज मॅनेजर म्हणून. अभिनंदन. कुठली साधनं कुठल्या आवृत्तीची घ्यायची, जावाची जुनी आवृत्ती सोडायची, तारखा, चाचण्या, सगळं नीटनेटकं, तुझ्या शाळेच्या वह्यांसारखं. खाली 'काढून टाकायच्या गोष्टी' अशी यादी. त्यात तिसरं नाव शिदोरी. आणि पुढे कारण: 'वापरणारे आढळले नाहीत. सांभाळणाऱ्यांची हरकत नाही.' त्याच्यापुढे शेरा: मंजूर.

सांभाळणाऱ्यांची म्हणे. सांभाळणारी एकच आहे, स्नेहल, आणि ती जुन्नरच्या बाजारपेठेत वह्या-पुस्तकांच्या दुकानावरच्या माडीवर बसलेली आहे. तिची हरकत आहे की नाही हे तुला कोणी सांगितलं?

कणगी म्हणजे काय, हे तुला आता नव्यानं सांगायची वेळ आलीय बहुतेक. मोठमोठ्या माहितीचे ढीग साठवायची आणि चाळायची बावीस साधनं आहेत, बावीस ठिकाणच्या लोकांनी फुकट वाटलेली. ती एका मशीनवर आणली की एकमेकांशी भांडतात. ती भांडणार नाहीत अशी निवडून, तपासून, एकत्र बांधून द्यायची, एवढंच आपलं काम. नाव मी ठेवलं होतं, कारण सगळं धान्य एका जागी. आणि ज्याच्याकडे इंटरनेट नाही, मशीन जुनी आहे, त्याला सगळं एका डिस्कवर बांधून नेता यावं, म्हणून शिदोरी. ती मी लिहिली आणि आठ वर्षं सांभाळली. तुझ्या कंपनीला ती नकोशी का झाली हे कळायला फार डोकं लागत नाही. तुम्ही इंटरनेटवरून मशीन भाड्यानं देता. घरून डबा आणणारं गिऱ्हाईक कुठल्या हॉटेलला आवडतं?

वापरणारे आढळले नाहीत, म्हणे. माझ्या इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नऊ मशीन आहेत, एका बँकेनं भंगारात काढलेल्या. सगळ्या शिदोरीवर चालतात. इथलं नेट बाजाराच्या दिवशी नावापुरतं असतं. चौदा जणी शिकतात. त्या कोणाला आढळणार, त्यांना मोजायला आधी त्यांच्या मशीन नेटवर असाव्या लागतात.

मला हे आधी कळलंच नाही, हेही सांगून ठेवते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आठवडाभर मेल बघितला नव्हता.

शिदोरी परत यादीत घे. रिलीजला अजून महिना आहे.

रत्ना


जुन्नर
३ मार्च २०२५

स्नेहल,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. मी दोन पानं लिहायची आणि तू चार ओळी, हे कॉलेजपासूनचं आहे.

एक, आईच्या डोळ्याची चौकशी केलीस. बरी आहे. हिरवा चष्मा लावून शेजारणींना दम देत असते.

दोन, म्हणतेस की प्रस्ताव अठरा तारखेला लिस्टवर टाकला, पंचवीसपर्यंत सात दिवस मुदत होती, कोणीच हरकत घेतली नाही, आणि कणगीत गप्प बसणं म्हणजे होकार. 'हा नियम तूच लिहिला आहेस, रत्ना.'

हो, मीच लिहिला. कुठे लिहिला तेही आठवतंय का? गावी, पेठला, तुमच्या घरी, स्वयंपाकघरात खाली बसून. तुझी आई भजी काढत होती. तिनं मला थेट आत बोलावलं होतं, तुझ्या आजोबांना न विचारता, आणि ते बाहेर खोकत होते. आपण जगातल्या दहा प्रकल्पांचे नियम वाचून काढले होते. सगळ्यांत हे कलम होतं. त्यामागची अडचण खरी होती. प्रत्येक बारक्या गोष्टीला वीस जणांच्या 'हो'ची वाट बघत बसलं तर एकही रिलीज बाहेर पडायचं नाही. मला ते आवडलंही होतं. वाटलं, इथं कोणी वर बसलेलं नाही, कोणी पायरीपाशी बसलेलं नाही. सगळ्यांच्या हातात सारखाच कीबोर्ड. ज्याला बोलायचंय तो बोलेल.

सव्वीस वर्षांची होते मी. माणूस त्या वयात काहीही लिहितो.

तीन. हे तू फार हळुवार लिहिलंयस, म्हणून जास्त लागलं. 'वीस तारखेला तू एक दुरुस्ती टाकलेली दिसते.' म्हणजे मी मेल बघत होते, असं तुला म्हणायचंय. नोंदी उघडून तपासलंस तर. पोलीस पाटील शोभशील. टाकली असेन. दवाखान्याच्या बाकावर बसून माणूस काहीतरी करतोच. दुरुस्ती टाकली म्हणजे सगळी लिस्ट वाचली असं होत नाही.

चार, 'वाईट वाटून घेऊ नकोस, हे वैयक्तिक नाही.' हे वाक्य तुमच्या कंपनीत सकाळी प्रार्थनेला म्हणतात का?

समृद्धी म्हणून एक जण आहे माझ्या क्लासमध्ये. आळेफाट्याला तिच्या सासऱ्यांचं गॅरेज आहे, दोन मुलं शाळेत सोडून एसटीनं येते. मी आराखडा वाचत होते तेव्हा मागून तिनंही वाचला. म्हणाली, "मॅडम, नवीन आलं की आपलं बंद व्हनार का?" मी म्हटलं, जुनं चालत राहील. ती म्हणाली, "पन त्यात काय बिघडलं तर कोन बघनार?" सहा महिन्यांत ही बाई हा प्रश्न विचारायला शिकली. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या येणं डिसेंबरात थांबणार, हे आराखड्यात तूच लिहिलंयस. ह्या मशीन नव्या आवृत्तीवर शिदोरीशिवाय जाऊ शकत नाहीत. मग मी त्यांना काय शिकवू, गेल्या वर्षीचं कॅलेंडर?

तिला उत्तर तू दे.

रत्ना


जुन्नर
९ मार्च २०२५

स्नेहल,

सहा दिवस झाले, तुझ्याकडून काही नाही. म्हणून आता खरं लिहिते. खोटं लिहून राग नीट काढता येत नाही, असा अनुभव आला.

प्रस्ताव मी अठरा तारखेलाच वाचला होता. आईला घेऊन नारायणगावला निघाले होते, एसटीत वाचला. पूर्ण वाचला, दोनदा. ऑपरेशन वीसला झालं, एकवीसला घरी आलो. चार दिवस हातात होते. एक ओळ लिहायची होती, 'माझी हरकत आहे', आणि विषय तिथंच थांबला असता. कणगीत एखादी गोष्ट काढायला एकाची जरी हरकत आली, तरी ती मिटेपर्यंत काढता येत नाही. तेही कलम माझंच.

मी लिहिलं नाही, कारण मी तुझी वाट बघत होते.

हस. पण तू हसणार नाहीस, कारण तू पेठची आहेस. तुला माहितीय तुमच्या भावकीची बैठक कशी चालते. मारुतीपुढे सगळे बसतात, तुझे आजोबा सावळारामबाबा विषय काढतात, आणि ज्याला पटलं नाही तो बोलत नाही. वडीलधाऱ्यांसमोर 'नाही' म्हणायचं नसतं, म्हणून गप्प बसतो, तंबाखू मळतो, आधी उठून जातो. त्याला कोणी होकार धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी कोणीतरी जातं, चहा घेतं, इकडचं तिकडचं बोलतं आणि विचारतं, "तुजं काय म्हननं हाय?" तोपर्यंत काम झालं असं धरत नाहीत. तुझे वडील कितीदा तरी असे सकाळचे निघालेले मी पाहिलेत.

मी तशीच गप्प बसले. मनात म्हटलं, रिलीज मॅनेजर स्नेहल आहे, शिदोरी माझी आहे हे तिला माहीत आहे, मी बोलले नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तिच्या लक्षात येईल, ती फोन करेल. मूर्खपणा होता, मान्य आहे. जगभरातले तीसेक लोक त्या लिस्टवर आहेत, त्यांतला एकही ही चूक करणार नाही. फिनलंडचा माणूस गप्प बसला तर त्याला खरंच काही म्हणायचं नसतं. ही चूक फक्त आपल्याकडचा माणूस करेल, आणि ती ओळखणारंही तिथं फक्त एकच माणूस होतं.

राग त्याचाच आहे. नियमाप्रमाणे तू बरोबर आहेस, ते सोड. तुला माझ्या गप्प बसण्याचा अर्थ माहीत होता आणि तू दुसरा अर्थ लिहिलास.

आणि ते तुम्हाला जमतंही. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. आपण नऊ वर्षांच्या होतो. आमच्या वस्तीवरून विहिरीकडं जाणारी पायवाट बंद करून तिथं पंपाची खोली बांधायची, असं गावानं ठरवलं. माझ्या भागुजीआजोबांना बैठकीला बोलावलं होतं. ते कडेला बसले, चपलांपाशी. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. तू शाळेला जाताना मला हाक मारायला आली होतीस आणि विचारलं होतंस, "तुझे आजोबा कोणाची वाट बघतायत?" मला तेव्हा माहीत नव्हतं. कोणी आलं नाही. बुकात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं गेलं. भावकीतला गप्प बसला की त्याच्या घरी जायचं आणि आमच्यातला गप्प बसला की होकार, हा भेद कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

मग मी मोठी झाले, कॉम्प्युटर शिकले, आणि तोच नियम सगळ्या जगासाठी इंग्रजीत लिहून काढला. तुझ्याच चुलीपाशी बसून. याबद्दल मला तुझ्याइतकाच राग माझाही येतो.

लिस्टवर मी अजून काही लिहिलेलं नाही. पण रिलीजचं अंतिम मतदान सोळा तारखेनंतर आहे, आणि तिथं मी विरोधात मत देणार आहे. आधी सांगून ठेवते, नंतर पाठीमागून केलं म्हणू नकोस.

रत्ना


जुन्नर
१६ मार्च २०२५

स्नेहल,

कमाल केलीस. मी फोनची वाट बघत होते, तू वडील पाठवलेस.

सकाळी दहाला गोरखकाका दारात. पेठवरून जुन्नरपर्यंत मोटारसायकलवर, या वयात, डोक्याला पंचा बांधून. सोबत आठ-दहा किलो बटाटे. आई म्हणाली, "या भाऊ," आणि मी खुर्ची दिली. जन्मापासून तुमच्या घरी जातेय मी, काका आमच्या घरात पहिल्यांदा बसले. पेठला शंभर पावलांवर होतो तेव्हा नाही, इथं चाळीस किलोमीटरवर आल्यावर. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आलं कोणीतरी विचारायला.

काका बसले, पाणी प्यायले, डोळ्याचं विचारलं, पावसाचं बोलले. मग म्हणाले, "रत्ना, तुजं आन् स्नेहलचं काय चाललंय ते मला कळत न्हाई. पन पोरगी फोनवर रडली. म्हनली, रत्ना इरोधात मत देनार हाय. तिकडं तिचं नाव खराब व्हतंय. तू जरा गप ऱ्हा, एवढ्या बारीला."

आई आत चहा ओतत होती. हिरवा चष्मा तसाच. ती बाहेर आली, कप काकांच्या हातात दिला आणि म्हणाली, "भाऊ, तुमी इचारायला आलाय का सांगायला?"

खालच्या दुकानात कोणीतरी शंभर पानी वही मागत होतं, ते ऐकू येत होतं. काकांनी चहा बशीत ओतला, प्यायले, पुन्हा ओतला. तुझ्या वडलांना मी कधी अडखळताना पाहिलं नव्हतं. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "बरं. इचारतो. तुजं काय म्हननं हाय?"

मी सांगितलं. अर्धा तास लागला. कणगी, शिदोरी, नऊ मशीन, चौदा जणी, सात दिवस. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "म्हंजी ज्याच्या घरी नेट नाय, त्याला बी हे बसवता यावं. एवढंच ना?"

"एवढंच."

"आन् ते काडताना तुला इचारलं न्हाई?"

"सगळ्यांना मेल टाकला होता."

"सगळ्यांना सांगितलं म्हंजी तुला इचारलं व्हय?" ते आईकडं बघून म्हणाले. मला वाटलं, आता पायवाटेचं काहीतरी बोलतील. नाही बोलले. पंपाची खोली अजून तिथंच आहे, आणि त्यांच्या शेताला त्याच पंपाचं पाणी जातं. जाताना एवढंच म्हणाले, "मंग गप कशाला बसली व्हतीस? बोलायचं की तिथं."

हेही खरंच आहे. पण ते तुझ्या वडलांनी मला सांगावं याचा राग आला. तुमच्यातल्या कोणाला कधी बोलावं लागलेलं नाही.

तू रडलीस हे ऐकून वाईट वाटलं. तेवढं वाटू दिलं आणि मग कामाला बसले. काका गेल्यावर अर्ध्या तासात लिस्टवर प्रस्ताव टाकला. विरोधाचं मत नाही देत. एका मतानं रिलीज अडत नाही, नुसतीच आपली शोभा होते. प्रस्ताव असा आहे: यापुढे कणगीतून काही काढायचं झालं, तर ते सांभाळणाऱ्या माणसाला नावानं विचारायचं, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय काढायचं नाही. त्याचं गप्प बसणं होकारात धरायचं नाही. हे चार-शून्यपासूनच लागू. म्हणजे मंजूर झालं तर शिदोरी राहते, नाही झालं तर जाते. सात दिवसांची मुदत, नेहमीप्रमाणे. तुझी हरकत असेल तर घे. रिलीज मॅनेजर आहेस, तुझी एक ओळ पुरे.

बटाट्याची भाजी केली होती. चांगले होते.

रत्ना


जुन्नर
२४ मार्च २०२५

स्नेहल,

काल दुपारी बाराला मुदत संपली.

फिनलंडवाल्यानं होकार दिला. पेरूच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या मासेमारीच्या कचेरीत सहा वर्षं शिदोरीच आहे, नेट बंदराच्या पुढं येत नाही. त्या आजवर लिस्टवर कधी बोलल्या नव्हत्या, मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. आणखी दोघांनी होकार दिला. एकानं विचारलं, सांभाळणारा मेला तर काय करायचं? रास्त प्रश्न आहे. तीन महिने उत्तर आलं नाही तर काढता येईल, अशी अट घातली. हरकत कोणाचीच नाही.

आणि तू गप्प आहेस. सात दिवसांत लिस्टवर तुझे अकरा मेल आले, चाचण्यांबद्दल, तारखांबद्दल, एका स्वल्पविरामाबद्दलसुद्धा. या विषयावर एक अक्षर नाही.

जुना नियम अजून लागू आहे, कारण नवा मंजूर व्हायचाय. त्या नियमानं तुझं गप्प बसणं हा होकार आहे. मी जिंकलेय. नोंदवहीत एक ओळ लिहायची आहे, 'सर्वानुमते मंजूर', आणि शिदोरी चार-शून्यमध्ये आहे, माझ्या चौदा जणी सुरक्षित आहेत. तुझी कंपनी तुला विचारेल तर तूही म्हणू शकशील, मी कुठं हो म्हटलं? तुझीही सोय झाली. कदाचित म्हणूनच गप्प आहेस. मैत्रिणीसाठी एवढं केलं, असंही तुला वाटत असेल.

कालपासून ती ओळ लिहायला बसतेय. समृद्धीनं सकाळी विचारलं, "झालं का मंजूर?" मी म्हटलं, व्हायचंय. ती म्हणाली, "आता कोनाचं ऱ्हायलंय?"

तुझं राहिलंय. तू पेठची आहेस. तू गप्प बसलीस तर तो नकार असू शकतो, हे मला कळतं, आणि कळत असताना मी त्याला होकार म्हणणार नाही. माझा राग गेलेला नाही, तसा समज करून घेऊ नकोस. तू माझ्या बाबतीत केलंस तेच तुझ्या बाबतीत करायची संधी समोर आहे, आणि फार मोह होतोय.

आज दुपारी साडेतीनला फोन करते, तुझ्याकडे अकरा वाजलेले असतील. उचल. पावसाचं, डोळ्याचं काही बोलणार नाही. एकच विचारणार आहे, शिदोरी राहू दे की नको? नको म्हणालीस, तर तुझ्या नावापुढे नकार लिहीन, प्रस्ताव पडेल, आणि मग पहिल्यापासून भांडेन. पण तुझं नाव त्या 'सर्वानुमते'त तुला न विचारता घालणार नाही.

रत्ना